अंगठ्याविना धनुर्विद्या

दादरला दर्शनासाठी येणारे अनेक भाविक शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्षणभर विसावतात. त्या मैदानासमोरील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात धनुर्विद्येचे वर्ग चालत आले आहेत, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. जी विद्या कीर्तनात आणि पुराणात ऐकली, ती नवशिक्याला कशी शिकवितात, हे भाविकांनी जाणून घेण्याजोगे आहे.

नवशिक्याला आरंभी लक्ष्यभेद करावयास सांगत नाहीत. पाय रोवून सरळ उभे राहणे, धनुष्य केवळ दंडाच्या नव्हे तर पाठीच्या बळाने ओढणे आणि प्रत्यंचा प्रत्येक वेळी हनुवटीपाशी त्याच एका जागी आणून टेकविणे, एवढ्यातच कित्येक दिवस जातात. पहिले बाण काही पावलांवरूनच, कधी कधी तर डोळे मिटून सोडावयाचे असतात. कारण लक्ष्य दिसले की मन फळाकडे धावते आणि हात बिघडतो. ऑलिम्पिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १२.२ सेंटिमीटर व्यासाचे. अर्जुनाचा पोपटाचा डोळा सर्वांना आठवतो. परंतु दिवा विझल्यावरही घास सवयीने मुखाशी जातो हे पाहून तो रात्री अंधारात सराव करू लागला, हा आदिपर्वातील प्रसंग नवशिक्यासाठी अधिक मोलाचा आहे.

आणखी एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा सोडू नये. बाण असेल तर धनुष्यात साठलेली शक्ती तो घेऊन जातो. नसेल तर ती धनुष्यातच राहून त्याला तडा घालू शकते. मुंडकोपनिषदाने प्रणवाला धनुष्य, आत्म्याला बाण व ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे. स्वतःला त्या धनुष्यावर न चढविता नुसता ओंकाराचा घोष करणाऱ्याने हा नियम ध्यानी घ्यावा.

आजच्या प्रचलित पद्धतीत प्रत्यंचा तर्जनी, मध्यमा व अनामिका या तीन बोटांनी ओढतात आणि अंगठा तळहाताकडे मिटून घेतात. आशियातील अनेक प्राचीन पद्धतींत मात्र ओढ अंगठ्याचीच असे. म्हणूनच द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे उजवा अंगठा मागितला.

निषादपुत्र म्हणून नाकारला गेलेला हा कुमार मातीच्या मूर्तीपुढे सराव करून निपुण झाला, आणि मागताक्षणी त्याने अंगठा कापून दिला. गुरुभक्तीचा हा कळस होय, यात संशय नाही. परंतु अर्जुनाला दिलेले वचन राखण्यासाठी ती मागणी झाली, हेही व्यासांनी लपविलेले नाही. शिष्याची भक्ती थोर म्हणून गुरूची मागणी योग्य ठरत नाही. दक्षिणा किती मिळाली याची नोंद वहीत राहते. देणाऱ्याचे त्यात काय तुटले, याची नोंद सहसा राहत नाही. दानपेटीपाशी उभ्या असलेल्या भाविकाने घरातील मुलाचे शिक्षण वा वृद्धाचे औषध अडवून दान करावे, अशी कोणत्याही देवाची अपेक्षा नसते.

काळ थोडा तरी पालटला आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर दांपत्याचा मुलगा प्रवीण जाधव शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत धनुर्विद्या शिकला आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरला. त्याला मूर्तीपुढे एकट्याने शिकावे लागले नाही.

अंगठा दिल्यानंतर एकलव्याने काय केले, हे कथेकरी बहुधा सांगत नाहीत. आदिपर्वात ते आले आहे. त्याने उरलेल्या बोटांनी प्रत्यंचा ओढण्यास आरंभ केला. पूर्वीची चपळाई मात्र त्याच्या हाती राहिली नाही.