रजा आणि सुटी

कचेरीतील कारकुनाच्या अर्जात ‘रजा मंजूर व्हावी’ हे शब्द इतक्या सवयीने उमटतात की, ‘रजा’ हा मुळात अरबी शब्द फारशीच्या वाटेने दरबारी मराठीत आला आणि त्याचा अर्थ विश्रांती नसून संमती, मर्जी असा होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. चाकर धन्याची रजा घेऊन घरी जाई, म्हणजे जाण्याची अनुज्ञा घेई. पुढे अनुज्ञेचे हे नाव त्या अनुज्ञेने मिळालेल्या दिवसांनाच चिकटले.

त्याहून जुनी कल्पना निराळी होती. वेदपाठशाळेतील अनध्याय गुरूच्या मर्जीवर नव्हे, तिथीवर अवलंबून असे; अष्टमी, चतुर्दशी आली की पाठ थांबे. सुतार-गवंडी अमावास्येला हत्यार हाती धरीत नसत. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवणे निषिद्धच, आणि आदल्या संध्याकाळी खांदेमळणीच्या वेळी तूप-हळदीने त्याचे खांदे चोळून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रणही त्याला दिले जाई. विसावा काळच देत असे. वेठबिगाराला मात्र हे पंचांग लागू नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि ही व्यवस्था मोडली, कारण यंत्राला तिथी नसते. १८८१च्या कारखाना कायद्याने महिन्याला चार दिवस मोकळीक दिली ती केवळ बालकामगारांना. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणीकामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार या मागण्या मांडल्या, तेव्हा धन्याच्या प्रसन्नतेची वस्तू प्रथमच हक्क म्हणून मागितली गेली, माझ्या मते आपल्या सामाजिक इतिहासातील हा क्षण कोणत्याही राजकीय ठरावाइतकाच मोठा आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि पुढल्याच वर्षी कायद्यानेही आठवड्याची सुटी दिली. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे साहेबाच्या पंचांगातला हा दिवस घाटावरून आलेल्या कामगाराला परका वाटला नसावा.

‘शाळा सुटली’, ‘गिरणी सुटली’ या बोलण्यातील क्रियेतूनच ‘सुटी’ आली. तीत देणारा कोणी नाही, आहे ती केवळ मोकळीक. १९४८च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवली आणि ‘हक्काची रजा’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला; धन्याची मर्जी हीच चाकराचा हक्क ठरावी, इतका पल्ला या शब्दाने गाठला.

तरीही हा प्रवास उंबरठ्याशी अडतो. रविवारी घरातील सारी माणसे मोकळी असतात म्हणूनच गृहिणीची चूल अधिक वेळ पेटते, आणि तिच्या हाताखाली धुणेभांडी करणारी बाई एखाद्या दिवशी आली नाही, तर त्या दिवसाला आपण रजाही म्हणत नाही आणि सुटीही म्हणत नाही. आपण त्याला खाडा म्हणतो, आणि महिनाअखेर तो पगारातून वजा करतो.