खलनायक आपल्याला का आवडतो?



एखादे नाटक किंवा सिनेमा पाहून दहा वर्षे झाली की नायकाचे नाव आपण विसरतो. खलनायकाचे नाव मात्र चटकन ओठांवर येते. आपण मुलांना चांगले वागायला शिकवतो, रविवारी चर्चमध्ये चांगुलपणासाठी प्रार्थना करतो आणि रात्री टीव्हीवरच्या दुष्ट माणसाचे उद्योग जागचे न हलता पाहतो. असे का होते? आणि त्यात काही वावगे आहे का?

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. जत्रेच्या दिवसांत दशावतार पाहायला सर्व धर्मांचे लोक बसतात. राजा, राणी, ऋषी येऊन जातात. पण राक्षस आरोळी ठोकत आला की झोपलेली पोरेही उठून बसतात. सुरुवातीच्या आड दशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो. त्याची मालवणी थट्टा ऐकून लोक पोट धरून हसतात. विष्णूच्या हातून तो मरणार हे सर्वांना ठाऊक असते, तरीही तो आवडतो. चारचौघांत जे आपल्याला बोलता येत नाही ते तो बोलतो. जो माज आपण मनात दाबून ठेवतो तो राक्षस उघड मिरवतो. पहाटे खेळ संपतो, रंग पुसला जातो. या राक्षसाचे भय नाही, कारण तो लांबूनच ओळखता येतो.

भय आहे ते बिनरंगाच्या खलनायकाचे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निरनिराळी नावे आणि सोंगे घेऊन तो बायकांना फसवतो, लग्ने करतो, पैसे उकळतो. प्रभाकर पणशीकरांनी ही सगळी सोंगे फिरत्या रंगमंचावर एकट्याने उभी केली. लखोबा कधी आरडाओरडा करत नाही. तो गोड बोलतो, नम्र असतो, आणि फसवलेली माणसे कोर्टात समोर उभी राहिली तरी तो माणूस मी नव्हे असे शांतपणे सांगतो. प्रेक्षक हसतात, पण पाप केल्यावर माणसाच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य बहुधा हेच असते.

दुसरा खलनायक ‘सामना’ या १९७५ च्या चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि निळू फुले यांचा अभिनय. निळूभाऊ स्वतः राष्ट्र सेवा दलात वाढलेले, साधे आणि सज्जन गृहस्थ. पडद्यावर मात्र बायाबापड्या त्यांना शिव्या घालत. हिंदुराव हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवलेल्या दारुड्या मास्तरला तो आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. त्याच्यात माणुसकी अजिबात नाही असे म्हणवत नाही, म्हणूनच तो मनातून जात नाही. पण मास्तर एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत राहतो: मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुरावाचे सगळे ऐश्वर्य त्या एका गरीब माणसाच्या नावापुढे डळमळू लागते.

आता आपल्या घराजवळ येऊ. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मधल्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांनी साकारलेले अण्णा नाईक महाराष्ट्रभर पोचले. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले. अण्णा जुलमी, बाहेरख्याली, जमिनीचा हावरा. ‘माणूस बरो नाय, पण बघूक मजा येता,’ असे म्हणत घरोघरी लोक टीव्हीसमोर बसत. अण्णा आणि शेवंता यांच्यावर किती विनोद झाले! पण माईचे काय? नवऱ्याचा छळ सोसणारी ती बाई त्या विनोदांत कुठेच नव्हती. आपल्या वाड्यावाड्यांत अशा माई नाहीत काय? नवऱ्याच्या दारूपायी रात्र जागून काढणारी, भावकीत बोलण्याची सोय नसलेली. पडद्यावरच्या अण्णाला हसता हसता शेजारच्या अण्णालाही आपण ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून हसण्यावारी नेऊ लागलो, तर ती मजा वावगी आहे.

बायबलमध्येही एका गोष्टीतला खलनायक आहे. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. नाथान संदेष्टा राजाकडे आला. त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, लेकीसारखी वाढवलेली. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपातले जनावर न मारता त्या गरिबाची मेंढी मारली. दावीद संतापला, असा माणूस मरायलाच हवा म्हणाला. तेव्हा नाथानने त्याला सांगितले की तो श्रीमंत दुसरातिसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे (२ शमुवेल, अध्याय १२).

दावीदाच्या हाती सत्ता होती. ‘तो मी नव्हेच’ म्हणणे त्याला सहज शक्य होते. त्याने आपले पाप कबूल केले. आणि नाथानने गोष्टीत कोणावर भर दिला हेही पाहण्यासारखे आहे. श्रीमंताच्या थाटाचे वर्णन त्याने दोन शब्दांत उरकले. गरीब माणूस आणि त्याची मेंढी मात्र डोळ्यांपुढे उभी केली. बळी पडलेला दिसला, म्हणूनच राजाला स्वतःचे रूप दिसले.

तेव्हा खलनायक आवडणे हे पाप नाही. कसलेल्या नटाला दाद द्यावी, मालिका खुशाल पाहावी. मात्र पाहताना दोन गोष्टी विचाराव्यात. यात कोणाचे नुकसान झाले आणि ते माणूस मला आठवते का? आणि याच्यासारखे थोडेसे मी कुठे वागतो? गडगा वीतभर पुढे सरकवताना, बहिणीची सही गोड बोलून घेताना, गड्याची मजुरी अडवून ठेवताना आपल्या तोंडाला रंग नसतो, आणि आपण आपल्याला सज्जनच वाटत असतो.

अशा वेळी कोणाचे तरी नाव मनात आले, तर ते झटकू नये. पुढल्या रविवारची वाट न पाहता त्याच्या दारात जावे.