आडवी बाटली

आईला नवी साडी नेसून मतदानाला जाताना मी एकदाच पाहिलं. आमदार निवडायचा नव्हता. गावातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, ते ठरणार होतं. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.

आलेल्या बहुतेक बायकांनी आडवीवर शिक्का मारला. दुकान तरीही राहिलं. राज्याच्या नियमाप्रमाणे यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. कामासाठी पुण्याला गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या पण यादीत उरलेल्या, अशा सगळ्या जणू उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या.

तेव्हा मला वाटलं, गावाचं गावाने ठरवावं, मुंबईचा काय संबंध? 73वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आले. पण घटना म्हणते, राज्य हे अधिकार देऊ ‘शकेल’. दिलेच पाहिजेत, असं नाही. त्या एका क्रियापदावर गावाचं स्वराज्य अडलंय.

मग दुसरी गोष्ट आठवली. आमच्याच गावात एका मुलाने जातीबाहेर लग्न केलं आणि जातीच्या बैठकीने त्याच्या घराशी बोलणं तोडलं. तो निर्णयही गावातलाच होता, आणि एकमताने झालेला. त्या घराला आधार मिळाला तो सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 च्या राज्य कायद्याचा. तेव्हा मुंबईचा संबंध होता, आणि बरं झालं होता.

मग मी नेमका कुणाच्या बाजूचा? सोयीप्रमाणे कधी गावाचा, कधी राज्याचा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याने इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे गाव राज्याच्या पुढेही जाऊ शकतं. मला वाटतं, राज्याचा कायदा घराच्या जोत्यासारखा असावा. त्याच्या खाली कुणाला उतरू देऊ नये. वर किती मजले चढवायचे, ते गावाने ठरवावं.

पण दारूदुकानदाराचंही पोट आहे, त्याच्याकडे परवाना आहे. चार जणींनी हात वर केले म्हणून ते हिरावता येऊ नये. म्हणून अट हवी, हे मला पटतं. पटत नाही ते एवढंच की अट घालणाऱ्या राज्याच्या तिजोरीत त्याच दुकानातून उत्पादन शुल्क जातं. बहिष्कार टाकणारी बैठक स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश होती. इथे राज्य तरी वेगळं काय करतंय?

म्हणून आता मी ‘गाव की राज्य’ असं विचारत नाही. निर्णयाची झळ कुणाला बसते आणि मोजणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे विचारतो.

आईने ती साडी पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही. ती म्हणते, पुढच्या मतदानाआधी यादी दुरुस्त करून घे.