पाहुण्यासाठी काय बदलायचं?

जुने दगडी वाडे आता होमस्टे होत आहेत. मुलं पुण्याला किंवा परदेशात असतात. काळ्या दगडाच्या भिंती टिकतात, पण कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात आणि बंद घर लवकर खचतं. पाहुण्यांच्या पैशातून वाडा उभा राहत असेल तर त्यात काहीच गैर नाही. मला काळजी आहे ती पाहुण्याच्या आवडीसाठी घरातलं काय काय पुसलं जाईल याची.

वर्ध्यात पूर्वी एका कुटुंबाची घरं अशीच एकेक करून पाहुण्यांची झाली. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आपला फळबागेतला बंगला १९३४ साली ग्रामोद्योगाच्या कामाला दिला; ती मगनवाडी. बजाजवाडीत काँग्रेसचे पुढारी उतरत. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत जानेवारी १९३८ मध्ये लॉर्ड लोथियन राहिले. पुढच्याच वर्षी ते ब्रिटनचे अमेरिकेतले राजदूत झाले. एवढ्या मोठ्या पाहुण्यासाठीही मातीच्या भिंतींना साहेबी थाट चढवला नाही. आश्रमात पहाटेची प्रार्थना, साधं जेवण आणि सफाई पाहुण्याच्या हुद्द्याप्रमाणे बदलत नसे. घराला स्वतःची शिस्त होती, म्हणूनच तिथे येण्याला अर्थ होता.

पवनारला तर पाहुण्यानेच घराला अधिक काही दिलं. धाम नदीकाठचा जमनालालजींचा बंगला १९३८ मध्ये प्रकृती खालावलेल्या विनोबा भावेंना मिळाला. पुढे तिथली जमीन खणताना जुनी दगडी शिल्पं निघाली, त्यात भरत-राम भेटीचं शिल्प होतं. मालकाला ठाऊक नसलेलं धन राहायला आलेल्याच्या कुदळीला लागलं. १९५९ मध्ये तिथेच ब्रह्मविद्या मंदिर उभं राहिलं आणि स्त्रिया स्वतःच्या श्रमावर तिथलं सामूहिक जीवन चालवू लागल्या.

आजच्या वाड्याने आश्रम व्हावं असं मी म्हणत नाही. पण तिथे पनीरऐवजी झुणका-भाकर मिळावी, न्हाणीघरातला तांब्याचा बंब शोभेपुरता उरू नये, आणि जेवणाची वेळ घराची असावी. शिवाय एक गोष्ट फार मोलाची आहे. पाहुणचाराचं खरं ओझं बायकांवर येतं. चूल त्यांची, चादरी त्यांच्या, हसतमुख राहण्याचं कामही त्यांचंच. घर कागदोपत्री कुणाच्याही नावे असो, महिन्याच्या हिशेबात त्या घरातल्या सुनेचा वाटा वेगळा काढून तिच्या खात्यात जमा करायला हवा.