यंत्राचा धाक आणि मनुष्याचें आचरण

मनुष्याचें आचरण सुधारावें कसें, हा प्रश्न धर्मशास्त्रकार, राजे आणि शिक्षक यांच्यापुढें फार प्राचीन काळापासून उभा आहे. उपदेश, दंड आणि स्वतःचें उदाहरण हीं त्यांचीं साधनें सर्वांच्या परिचयाचीं आहेत, आणि त्यांच्या मर्यादाहि. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांत यंत्राची भर पडली आहे. किती पावलें चाललों हें मोजणारें मनगटावरील घड्याळ, औषधाची वेळ सांगणारा फोन, पट्टा न बांधल्यास किंचाळणारी मोटार, हीं आतां मध्यमवर्गीय घरांत नवलाचीं राहिलीं नाहींत. त्यांचा उपयोग किती होतो याचा हिशेब त्यांचे कर्ते ठेवीतच असतात. मला येथें विचारावयाचें आहे तें निराळें. ज्या यंत्रानें मनुष्याला चांगलें वागावयास लावलें, तें स्वतः त्या मनुष्याशीं कसें वागलें?

या प्रश्नाच्या विचाराला अमेरिकेंतील एक जुनें प्रकरण फार उपयोगी आहे. मोटारींत आसनाचे पट्टे असत, पण ते बांधणारे थोडे. अपघातांत माणसें मात्र पुष्कळ मरत. तेव्हां सरकारी नियमास अनुसरून १९७४ सालच्या नव्या मोटारींत अशी योजना करण्यांत आली कीं, पुढील आसनांवर बसलेल्यांनीं पट्टे बांधल्याखेरीज इंजिन सुरूच होऊं नये. पट्टा आगाऊच अडकवून त्यावर बसणाऱ्या चतुर लोकांचा बंदोबस्त व्हावा म्हणून आधीं बसणें व मग पट्टा बांधणें, हा क्रमहि यंत्राला शिकविलेला होता.

कल्पना निर्दोष दिसते. पण आसनाखालील यंत्राला वजन समजे, माणूस समजत नसे. शेजारच्या आसनावर बाजारहाटाची पिशवी किंवा घरचें कुत्रें असलें तरी तें पट्ट्यासाठीं अडून बसे, आणि मोटार जागची हलत नसे. लोकांनीं तारा तोडविल्या आणि लोकप्रतिनिधींकडे तक्रारींचा पाऊस पाडला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून अशा यंत्राची सक्ती करण्यास सरकारी खात्याला मनाई केली. इतकेंच नव्हे, तर पट्ट्याची आठवण देणारी सक्तीची घंटा आठ सेकंदांपेक्षां अधिक वाजूं नये, असेंहि ठरविलें. कायदेमंडळानें घंटेचे सेकंद मोजीत बसावें, हा प्रसंग विनोदी खरा. पण त्यामागील चीड विनोदी नव्हती.

या लोकांना जीव नकोसा झाला होता असें कोणी म्हणणार नाहीं. सक्ति म्हटली कीं ते बिथरत, असेंहि म्हणतां येत नाहीं. कारण १९८४ सालीं न्यूयॉर्क राज्यानें पट्टा न बांधणाऱ्यास दंड करणारा कायदा केला आणि मागोमाग बहुतेक राज्यांनीं तोच मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्स राज्याची हकीकत तर मननीय आहे. तेथें १९८५ त कायदा झाला, १९८६ त लोकांनीं मतें देऊन तो रद्द केला, आणि १९९४ त तो पुन्हां आला. नऊ वर्षें एक समाज स्वतःशीं वाद घालीत होता. यंत्राशीं असा वाद घालतां येत नाहीं. कायदा म्हणतो, 'असें करूं नकोस. केलेंस तर हा दंड.' म्हणजे ऐकणाऱ्याला कान आणि बुद्धि आहे असें तो गृहीत धरतो, आणि प्रसंगीं नियम मोडण्याची वाट मोकळी ठेवतो. बायकोला प्रसूतिवेदना सुरू झाल्या असतां पट्टा न बांधतां मोटार हांकणाऱ्याला न्यायाधीशापुढें उभें राहून कारण सांगतां येतें. इंजिनाला कुलूप घालणारें यंत्र कारण ऐकत नाहीं, आणि स्वतःचेंहि सांगत नाहीं. मनुष्याला वगळून तें केवळ त्याच्या हातांशीं व्यवहार करतें.

यावर व्यवहारी वाचक विचारील कीं, जीव वांचला तो वांचला. तो विवेकानें वांचला कीं घंटेनें, ही चिकित्सा प्रोफेसरांनीं वर्गांत करावी. हा आक्षेप मला हलका वाटत नाहीं. कर्तव्यबुद्धीनें केलेल्या कर्मालाच नैतिक मोल आहे, हें कांटचें मत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें आहे. पण पट्ट्यामुळें अपघातांतून जिवंत घरीं आलेल्या मुलाच्या आईपुढें तें मांडण्याचें धैर्य मला होणार नाहीं. चिकाटीनें वाजणाऱ्या घंटेमुळें पट्टे बांधणारांची संख्या वाढते, हेंहि खरें आहे. परंतु उपयुक्ततेच्याच तराजूंत तोलावयाचें तर दुसरें पारडेंहि पाहावें लागतें. ज्याच्या बुद्धीला कोणी विचारलें नाहीं, तो ती यंत्राला फसविण्यांत खर्च करतो. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्ट्याची आठवण देणारी घंटा सक्तीची झाली. ती गप्प करण्यासाठीं पट्ट्याच्या खांचेंत खुपसून ठेवावयाची एक क्लिप बाजारांत उघडपणें विकली जात होती. अखेर २०२३ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पांच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विक्रींतून काढून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला. पदरचे पैसे देऊन स्वतःच्या जिवाविरुद्ध असें साधन विकत घेणारा गृहस्थ मूर्ख आहे, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण पट्टा कशासाठीं, हें त्याच्याशीं कोणी कधीं नीट बोललें होतें काय, हेंहि विचारावयास हवें.

कारण सांगणारें यंत्र कसें असूं शकतें, याचा एक गमतीदार मासला मुंबईच्या पोलिसांनीं दाखविला. २०२० च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रफितींत कांहीं चौकांतल्या सिग्नलांना आवाज मोजणारें यंत्र जोडलेलें होतें. तांबडा दिवा असतां भोंग्यांचा गोंगाट ८५ डेसिबलपलीकडे गेला कीं थांबण्याचे सेकंद पुन्हां पहिल्यापासून मोजले जात. मुकाट्यानें उभ्या असलेल्या निरपराध्यालाहि त्यांत शिक्षा होते, हा दोष उघड आहे. तथापि कारण फलकावर लिहिलेलें होतें, आणि तें वाचून माणूस शेजारच्या भोंगेवाल्याकडे पाहूं शकत होता. कायमचा नियम म्हणून हें मला मान्य होणार नाहीं. थट्टा म्हणून मात्र तें कित्येक व्याख्यानांहून सरस होतें.

ज्या यंत्राविषयीं मला खरा आदर वाटतो तें याहून पुष्कळ गरीब आहे. क्षयरोगावर निदान सहा महिने औषध घ्यावें लागे. बरें वाटूं लागलें कीं रोगी तें सोडी, आणि अर्धवट उपचारानें रोग औषधाला दाद देईनासा होई. म्हणून रोग्यानें नेमलेल्या माणसासमोर गोळी गिळावी अशी पद्धत होती. तींत मजुरी बुडे आणि शेजारींपाजारीं बोभाटा होई. यावर तोड म्हणून भारतांत '९९ डॉट्स' नांवाची योजना निघाली. तींत गोळ्यांच्या पाकिटाला एक छापील कागदी वेष्टन घालीत. गोळी काढली कीं तिच्यामागें दडलेले फोनचे आंकडे दिसत, आणि त्या क्रमांकावर रोग्यानें खर्चावांचून एक फोन करावयाचा असे. कोणता क्रमांक निघेल हें आगाऊ ठाऊक नसल्यानें, फोन आला म्हणजे गोळी पाकिटांतून निघाली, इतकें कळे. पोटांत गेली कीं नाहीं, हें कळत नसे. उलट, गोळी नेमानें घेऊनहि फोन न करणारे रोगी पुढील तपासणींत पुष्कळ आढळले. कोणाचा फोन घरांतील दुसऱ्याच्या हातीं, कोणाच्या गांवीं तो लागतच नाहीं, कोणाला आपल्या आजाराचा माग कोठेंहि राहूं नये असें वाटतें. आंकड्यांवरून पाहिलें तर हे सारे चुकार.

या योजनेंत फोन न आलेल्यांचीं नांवें आरोग्य कर्मचाऱ्याला कळत. त्यानें चौकशी करावी, आणि रोग्यानें औषध घेतल्याचें समजल्यास तशी नोंद स्वतः करावी, अशी सोय होती. या सोयीचा गैरवापर होऊं शकतो. कामचुकार कर्मचारी घरीं बसून खुणा भरील. संशोधकांच्या दृष्टीनें आंकडे त्यामुळें कमी भरंवशाचे होतात, आणि त्यांचें म्हणणें बरोबर आहे. तरीहि ती सोय ठेवणाऱ्यांनीं योग्य केलें, असें मी म्हणतों. तिच्यामुळें चुकलेल्या दिवसाची विचारपूस करण्याचें काम एका माणसाकडे राहिलें, आणि रोग्याला आपलें कारण सांगावयास कोणी मिळालें. मग तें कारण बुडालेल्या मजुरीचें असो, उलट्यांचें असो, वा सासरीं लपविलेल्या आजाराचें असो.