पाण्याचे वाटेकरी

पुण्यात बी.कॉम. आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात एम.बी.ए. केलेला एक मुलगा पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. पंजाबमधले संगरूर, बर्नाला, पटियाला हे त्याचे जिल्हे. काही वर्षं विक्री वाढवून झाल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की सार्वजनिक धोरण शिकायचं. प्रवेशअर्जाचा निबंध लिहून तो सेक्टर १५ मध्ये राहणाऱ्या आत्याकडे गेला. आत्याची सगळी नोकरी लोकप्रशासन शिकवण्यात गेलेली.

निबंधात सुशासन होतं, सर्वसमावेशक विकास होता, शाश्वतता होती. पंपाचा कुठे पत्ता नव्हता.

"इतकी वर्षं तू काय केलंस, ते यात कुठंय रे?"

"ते विक्रीचं काम गं, आत्या. कॉमर्सवाला म्हटलं की याला फायद्यापलीकडे काही दिसत नाही, असंच वाटणार त्यांना. म्हणून वगळलं."

आत्या त्यावर काही बोलली नाही. रविवारी तिने भाच्याला गाडी काढायला लावली आणि थेट सुखोमाजरी गाठलं. शिवालिकच्या पायथ्याशी, पंचकुला जिल्ह्यातलं हे लहानसं गाव.

चंडीगडला हे गाव ठाऊक झालं ते गाळामुळे. १९५८ मध्ये बांधलेला शहराचा सुखना तलाव वीस वर्षं व्हायच्या आतच गाळाने भरत चालला होता. मृद्संधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत या गावाच्या उघड्याबोडक्या टेकड्यांपर्यंत पोचले. माती धरून ठेवायला तिथे गवतच उरलं नव्हतं. गावाची गुरं-शेळ्या तिथेच चरत. १९७६ पासून मातीचे छोटे बांध घातले गेले. पाणी साठलं, शेतात पोचलं. गावाने टेकडीवरची चराई थांबवली, भाबड गवत पुन्हा वाढलं आणि कागदाच्या गिरण्यांना विकलं जाऊ लागलं.

बांधावर उभं राहून आत्याने विचारलं, "हे पाणी तू कसं वाटलं असतंस?"

"ज्याची जेवढी जमीन, तेवढं पाणी. कंपनीत ज्याचे जेवढे शेअर, तेवढा लाभांश. यात वादच नाही."

"इथे प्रत्येक घराला सारखा वाटा ठरला. जमीन नसलेल्यालाही. त्याला नको असेल तर त्याने तो विकावा."

"दया म्हणून?"

"टेकडीवर शेळ्या कोणाच्या चरायच्या?"

मुलगा गप्प झाला. जमीन थोडी किंवा नाहीच, अशा घरांचा आधार शेळ्यांचाच असणार. जमिनीप्रमाणे वाटणी केली असती, तर पाणी एकाला आणि चराईबंदी दुसऱ्याला. त्या दुसऱ्याने ती का पाळावी? शेळ्या जातच राहिल्या असत्या, माती वाहतच राहिली असती आणि मोठ्या शेतकऱ्याचं पाणी अडवणारा बांधच गाळाने बुजला असता. पाण्यात वाटा मिळाल्यावर टेकडी राखणं ज्याच्या त्याच्या घरचं काम झालं, तारेचं कुंपण लागलंच नाही. सुखोमाजरीची थोरवी मला बांधांपेक्षा या वाटणीत दिसते.

थोड्या वेळाने मुलाने विचारायला सुरुवात केली. वाटा विकला तर दर कोण ठरवायचं? पैसे कोणाकडे जमा व्हायचे? वही कोण लिहायचं आणि तपासायचं कोण?

"माझ्या वर्गात मुलं हक्कांवर तासन्‌तास बोलायची," आत्या म्हणाली. "वही कोण लिहितं, हे क्वचितच कुणी विचारायचं. तुला ते सुचलं, आणि नेमकं तेच तू निबंधातून पुसून टाकलंस."

परतीच्या वाटेवर तो आपण होऊन बोलू लागला. "संगरूरला दर हंगामात जास्त हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबल मागतात. पाणी खाली गेलं की जुनी मोटर खेचत नाही. शेतीची वीज फुकट, म्हणून मोठ्या मोटरीचं बिल अंगावर येत नाही. २००९ च्या कायद्यानं भातलावणी उशिरा करायला लावली, तरी बोअर खोल जायचे थांबले नाहीत. आमची विक्री वाढली म्हणजे पाणी आणखी खाली गेलं, हे मला आकड्यांवरून कळतं, आत्या."

"आणि ज्याला नवी मोटर झेपत नाही तो?"

"तो शेजाऱ्याकडून पाणी घेतो, नाहीतर जमीन खंडाने देतो." जरा थांबून म्हणाला, "तो आमच्या आकड्यांत येतच नाही."

घरी आल्यावर त्याने जुना निबंध बाजूला ठेवला, पण नवा लगेच लिहायला घेतला नाही. सोमवारी त्याने संगरूरच्या एका डीलरला फोन लावला. दर विचारून न घेताच परत गेलेल्या शेतकऱ्यांची नावं कुठे टिपून ठेवली आहेत का? डीलर म्हणाला, "साहेब, जे घेत नाहीत त्यांची नावं कोण लिहिणार?"

अर्जाच्या मुदतीला अजून तीन आठवडे होते. शनिवारी पहाटेच्या बसने तो संगरूरला गेला, डीलरच्या दुकानातल्या पोऱ्याला सोबत घेतलं आणि त्याला आठवेल त्या घरापासून एकेक नाव वहीत उतरवायला लागला.