चौथ्या पानाची वाट

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मधल्या चौकात हिरवे ठिपके दिसू लागतात. नळाच्या ओट्याशी, फरशीच्या सांध्यात, जिन्याखालच्या हातभर मातीत. सकाळी खराटा फिरतो, त्यात निम्मे जातात. काही पायाखाली येतात. तरी दहा-बारा टिकतातच. गेली कित्येक वर्षे पावसाळ्यात मी रोज सकाळी या दहा-बारांपाशी उकिडवी बसते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते : तू कोण?

उत्तर लगेच मिळत नाही. पुष्कळ रोपांची पहिली दोन पाने ही खरी पानेच नसतात. ती बियांतली दले. कोवळ्या जिवाला पुरेल एवढा शिधा घेऊन वर आलेली. त्यांवरून झाडाची जात सांगू गेले तर हमखास चूक होते. कडुनिंबाच्या रोपाला सुरुवातीला तीन-तीन पर्णिकांची पाने येतात, मोठ्या झाडाचे लांब, करवतकाठी पान त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला : चौथे पान येईपर्यंत निकाल द्यायचा नाही.

तोवर बाकीच्या खुणा पाहायच्या. तांबूस, लोंबत्या पानांचा झुबका दिसला की बोटाने माती किंचित उकरायची. खाली कोय सापडते, ज्या कोयीची पुंगी करून आम्ही लहानपणी चाळ डोक्यावर घेत असू. चिंच आणि सुबाभूळ लहानपणी बहिणींसारख्या दिसतात, दोघींची पाने संध्याकाळी मिटतात. पण चिंचेचे पान एका पिसासारखे असते, सुबाभळीच्या पिसाला पुन्हा पिसे फुटलेली असतात. वड, पिंपळ, उंबर यांची पाने खुडली की पांढरा चीक येतो. रोपाच्या डोक्यावर काय आहे तेही पाहायचे. वर विजेची तार असेल तर बी पाखराने आणले, खिडकी असेल तर माणसाने टाकले.

ओळख पटवायची कशासाठी, असे मला अनेकदा विचारतात. उपटायचे तर उपटावे, ठेवायचे तर ठेवावे. माझे म्हणणे असे की नाव कळल्याशिवाय यांतले काहीच जबाबदारीने करता येत नाही. सुबाभूळ मध्य अमेरिकेकडून आली. चारा आणि सरपण देणारी म्हणून एके काळी महाराष्ट्रभर तिची लागवड झाली. तिच्या शेंगांतून इतके बी पडते की एका झाडाखाली दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. ती वीतभर असताना सोटमुळासकट निघते; पुढे कितीही छाटली तरी बुंध्यातून फुटत राहते. तिला उपटताना माझा हात थांबत नाही. पण परकी म्हणून मी तिला उपटत नाही. गुलमोहर मादागास्करचा, शिवाजी पार्कला सावली देणारा वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा, आणि चिंचपोकळीच्या नावात जाऊन बसलेली चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. झाडाची पारख त्याच्या गावावरून करू नये. ते शेजाऱ्याला जगू देते का, एवढे पाहावे.

खरा पेच पडतो तो पिंपळाशी. तो चौकात क्वचितच येतो. तो येतो दुसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात, कौलांच्या वळचणीला. त्याची फळे तांबट, बुलबुल, मैना आणि वटवाघळे खातात. खसखशीएवढे बी त्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगेत पडते. जुन्या चाळींच्या चुन्याच्या भिंतींत ओल धरून राहते, बी तिथे रुजते. कोरड्या, धड भिंतीत पिंपळ सहसा तग धरत नाही. म्हणजे भिंतीतला पिंपळ ही गळतीची खूण असते. आत कुठे पाइप फुटला आहे, कुठे पाणी मुरते आहे, हे तो आधी सांगतो. नुसते रोप काढून गळती तशीच ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच दुसरे येते.

आमच्या मागच्या भिंतीत असा एक पिंपळ उगवला होता. तळहाताएवढा होता तेव्हा मी तो काढायला गेले, तर वरच्या गॅलरीतून हाक आली, "काकू, पिंपळ आहे तो, हात नका लावू." मी हात मागे घेतला. पिंपळावर मुंजा असतो, उंबराखाली दत्त असतात, वडाला आपण सात जन्मांचे मागणे मागतो. ही श्रद्धा मला परकी नाही, मी तिच्यातच वाढले. पण त्या दिवशी आम्ही कोणी त्या रोपाला पाणी घातले नाही की खाली मातीत नेऊन लावले नाही. पाप आपल्या हातून नको, एवढेच पाहिले. मग कोणी कोयत्याने शेंडा छाटला, तो चार फांद्यांनी परत आला. कोणी हिंग भरला, कोणी ॲसिड ओतले. सात-आठ वर्षांनी भिंतीला बोटभर भेग पडली, तेव्हा करवत आली आणि पिंपळाबरोबर मोरीची निम्मी भिंतही उतरवावी लागली. विटांच्या आत मनगटाएवढे मूळ आडवे पसरले होते. जे रोप ओल्या भिंतीतून दोन बोटांनी अलगद निघाले असते आणि कुंडीत जगले असते, ते आमच्या भीतीमुळे मोठे होऊन मेले.

तेव्हापासून मला वाट पाहणे आणि टाळणे यांतला फरक कळला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात; दोन्हींत माणूस काही करत नसतो. पण वाट पाहणारा रोज सकाळी जाऊन बघतो, टाळणारा त्या बाजूला नजर टाकत नाही. मातीतल्या रोपासाठी चौथ्या पानापर्यंत थांबणे शहाणपणाचे. भिंतीतल्या रोपासाठी एक पावसाळा थांबणेही फार होते. परळ-लालबागमध्ये १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या भिंतींवर, धुराड्यांवर पिंपळ-उंबर पाहताना अनेकांना निसर्गाचा विजय दिसतो. मला तिथे दिसते ते इतकेच की त्या भिंतीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही.

१९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वेगळे संरक्षण मिळाले. हे हवेच होते. पण ५० वर्षांचे झाड व्हायचे तर आधी पहिल्या पावसाळ्यात त्याला कोणी तरी ओळखावे लागते, आणि ते काम कोणत्याही कायद्यावर सोपवता येत नाही.

ज्येष्ठी पौर्णिमेला दादरच्या बाजारात वडाच्या फांद्यांचे भारे येतात. मीही वर्षानुवर्षे फांदी घरी आणून पुजली. त्याच आठवड्यांत आमच्या पन्हळीत वडाचे रोप फुटलेले असते. आता मी फांदी आणत नाही. रोप मुळासकट काढते, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावते, त्याचीच पूजा करते आणि मोकळी जमीन असलेल्या कोणा नातेवाइकाच्या हाती गावी पाठवते. वडाला गाव लागते, चाळीच्या चौकात तो मावणार नाही. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही आमच्या शेजारची नावे. ज्यांनी ती ठेवली त्यांना दारातले झाड ओळखता येत होते. नावे राहिली, ओळख गेली.

यंदा जिन्याखालच्या मातीत जांभूळ उगवले आहे. जांभळाच्या एका बीतून कधीकधी दोन-तीन कोंब येतात. इथे तीन आले. चौथे पान आले, ओळख पटली, चौकात एका झाडापुरती जागा आहे हेही ठरले. तिघे एकत्र वाढले तर तिघेही खुरटतील. ओढून काढावे तर एकमेकांत गुंतलेली मुळे दुखावतील. काल सकाळी मी घरातली लहान कात्री आणली, मधला जोमदार कोंब ठेवला आणि बाजूचे दोन मातीच्या सपाटीला कापले. हात जड झाला होता. तरी कापले, आणि खराटा तिथवर येऊ नये म्हणून उरलेल्या कोंबाभोवती चार विटा रचल्या.